पायाखालून जहाज

आमच्या घरात कुणी थाप मारली की दुसरा लगेच म्हणायचा, “झालं, गेलं पायाखालून जहाज.” चुलतभावाने उसात बिबट्या दहा हातांवरून पाहिला, की गेलं जहाज. शेजारच्या काकांच्या मळ्यातलं दोडकं हातभर लांब, की गेलं जहाज. मी शाळेत असताना सकाळी पोट दुखतंय म्हटलं, तरी आधी जहाज जायचं आणि मग ओवा मिळायचा. बाहेरच्या माणसाला यातलं काही कळत नसे. आई तिथे असली तर ती उठून आत जायची.

कारण ते जहाज तिच्या वडिलांचं होतं.

माझे हे आजोबा मी पाहिलेले नाहीत. इंग्रजांच्या काळात ते देवळाली कॅम्पात माळीकाम करायचे. तिथे हवापालटाला आलेल्या कस्टमच्या एका गोऱ्या साहेबाला त्यांच्या हातचे गुलाब आवडले, आणि जाताना तो आजोबांना सोबत घेऊन गेला, कोकणातल्या एका बंदरावर. बंदराचं नाव सांगत नाही, तिथली माणसं भांडायला येतील. बंदराच्या वर, कड्याच्या अगदी टोकाला साहेबाचा दगडी बंगला होता. आजोबा तिथे दोनेक वर्षं राहिले, परत आले, संसार केला आणि पुढे जन्मभर आपल्या मुलीला एकच गोष्ट सांगत राहिले. व्हरांड्यातल्या कुंड्यांना पाणी घालत उभं राहिलं की पायाखालून जहाज जायचं. लांबून नाही, समोरून नाही, पायाखालून. झारीतलं पाणी सांडलं तर खलाशाच्या टोपीवर पडेल इतकं जवळून. आणि जहाजाचा भोंगा झाला की साहेबाच्या टेबलावरचे कप बश्यांमध्ये वाजायचे.

आईने लग्नानंतर हे हौसेने सासरी सांगितलं. सासर म्हणजे नाशिकजवळ मखमलाबादकडचं फुलं-भाजीपाला पिकवणारं मोठं खटलं. समुद्र तोवर एकानेही पाहिलेला नव्हता, पण जहाज कसं चालतं याबद्दल प्रत्येकाचं मत पक्कं होतं. जहाज म्हणजे काय होडी आहे का? ते बंगल्याच्या खालून जाईलच कसं? खाली बोगदा होता का? माझ्या वडिलांना एखादा विनोद सापडला की ते तो झिजेपर्यंत वापरतात, आणि हा तर सासऱ्यांवरचा होता, म्हणजे दुधात साखर. पंचवीस वर्षं त्यांनी तो वापरला. आम्ही मुलंही त्यातच वाढलो, त्यामुळे आम्हालाही त्यात काही वावगं वाटत नसे.

आईचं मागणं एकच होतं. “एकदा मला त्या व्हरांड्यात उभं राहायचंय. जात असेल तर दिसेल. नसेल जात तर तेही दिसेल.” बाप खोटारडा होता की नव्हता, एवढंच तिला एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं. आणि दरवर्षी काहीतरी निघायचं. गुलाबाची फुलं रविवार पाळत नाहीत, ती रोज तोडावीच लागतात. तोडणीला माणूस मिळाला तर नेमकं कालव्याला आवर्तन सुटायचं. पाण्याचा आपला नंबर रात्री-अपरात्री कधीही येतो आणि तो चुकवणारा माणूस आमच्याकडे वेडा समजला जातो. नंबर होऊन जायचा तर कुणाचं तरी लग्न निघायचं. समुद्र काय, आहे तिथेच आहे, असं वडील म्हणायचे. या वाक्याचा मला पुढे किती राग येणार होता, याची तेव्हा कल्पना नव्हती.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा मी अंबडच्या एका कंपनीत कामाला लागले होते. मीच एके दिवशी ठरवलं की आता पुरे. बंगला आता सरकारी विश्रामगृह झालाय आणि ओळखीशिवाय आत सोडत नाहीत, असं कळलं. ओळख निघाली. आमच्याकडे ओळख नेहमीच निघते. मळ्याशेजारच्या काकूंची मावसबहीण, मूळची नांदगावची, त्याच बंगल्याच्या रखवालदाराला दिलेली होती. काकूंनी निरोप पाठवला, उलट निरोप आला की अवश्य या. मला तेव्हा हा वशिला फार मोठा वाटला. आमच्याकडची माणसं एखादी इमारत पाहायला जाऊच शकत नाहीत, ती फक्त कुणाच्या तरी घरी जाऊ शकतात, हे मला तोवर उमगलं नव्हतं.

जीप ठरवली. रिकाम्या हाताने कुणाच्या दारात जायचं नाही, म्हणून वडिलांनी कांद्याचं पोतं, मेथीच्या जुड्या आणि हरभऱ्याचा ढीगभर हिरवा पाला जीपमध्ये भरला. आम्हाला बसायला उरली ती जागा आम्ही घेतली. आईने स्वतःच्या हाताने तोडलेले गुलाब ओल्या पोत्यात गुंडाळून मांडीवर धरले होते. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाली, “असू दे.” रात्रीच निघालो, कसारा उतरलो, पनवेल गेलं, आणि सकाळचं ऊन नुकतं तापायला लागलं तेव्हा आम्ही बंगल्याच्या मागच्या फाटकाशी उतरलो.

मागच्या, कारण रखवालदाराची खोली मागे होती. बंगल्याचं तोंड समुद्राकडे आणि खोलीचं तोंड डोंगराकडे. मध्ये तो काळ्या दगडाचा उंच बंगला आडवा उभा. बाजूने वळून पुढे जावं तर दोन्हीकडे तट, आणि तटापलीकडे सरळ कडा. म्हणजे समुद्र पाहायचा तर बंगल्याच्या आतूनच जायला हवं होतं, आणि बंगल्याला कुलूप होतं. किल्ल्या रखवालदाराच्या कमरेला होत्या.

“आगं बाई, आली का नाशिकची मान्सं!” म्हणत त्याची बायको धावतच आली. पन्नाशीची, ठेंगणी, डोळ्यांत पाणीच. “लय वर्सांनी आपल्याकडचं कोनी दारात आलं. या, या. आन् ही फुलं माझ्यासाठी आनली व्हय?” आईच्या हातातले गुलाब तिने घेतले, त्यातला सगळ्यात मोठा केसांत खोवला आणि उरलेले तांब्यात ठेवले. आईचा हात क्षणभर तसाच पुढे राहिला. मग तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, “हो, तुमच्यासाठीच.”

मी लगेच रखवालदारकाकांना म्हणून म्हटलं, “काका, आधी बंगला पाहून घेऊ या का? मग निवांत बसू.”

काका जागेवर होतेच कुठे. पाहुणे आले म्हटल्यावर ते सायकल काढून मासळी आणायला गेले होते. किल्ल्यांसकट.

“बसा हो,” त्यांची बायको म्हणाली. “बंगला काय पळून जातो का?”

चहा आला. कपबश्या चांगल्यातल्या, सोनेरी काठाच्या, बहुतेक साहेबलोकांच्या कपाटातल्या. आम्ही ओटीवर डोंगराकडे तोंड करून, बकऱ्या बघत चहा प्यायला लागलो. आठ तास जीपमध्ये हाडं खिळखिळी करून घेऊन मी बकऱ्या बघत होते. इतक्यात कुठूनसा भोंगा झाला. लांबलचक, घोगरा. मी सवयीने घड्याळात पाहिलं. अंबडमध्ये भोंगा झाला की हात आपोआप घड्याळाकडे जातो.

“इथंपण कंपनी दिसते,” वडील म्हणाले.

“हो, शिफ्ट सुटली असेल,” मी म्हटलं.

आईने कपावर दुसरा हात ठेवला होता आणि ती तशीच बसून होती. मला वाटलं चहा फार गोड झाला असेल. त्या बाईंनी साखर खरंच हात सैल सोडून घातली होती.

काका तासाभराने आले, पिशवीत पापलेटं घेऊन, तोंडभर हसत. ओटीवर चढता चढता त्यांना वडिलांच्या गळ्यातली तुळशीची माळ दिसली आणि त्यांचं हसू मावळलं. पाहुणे माळकरी! मी म्हटलं, काही नको, आम्ही पिठलं-भातसुद्धा खाऊ. पण आता त्या बाईंच्या डोळ्यांत वेगळीच चमक आली होती. त्या पलंगाखाली वाकल्या आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी मोठं, गोल असं दोन्ही हातांनी ओढून बाहेर काढलं. खापर. लग्नात माहेरून आणलेलं, पुरणाच्या मोठ्या पोळ्या भाजायचं मातीचं खापर.

“इथं खापराची पोळी कोनाला ठावंच नाय,” त्या म्हणाल्या. “सगळे भात आन् मासे. कोनासाठी करायची सांगा? आज करते. आपल्याकडची मान्सं आली, आज नाय तं कधी?”

घरात हरभऱ्याची डाळ नव्हती. काका परत सायकलवर बसले. मी ओरडलेच, “काका, किल्ल्या!” पण ते उताराला लागले होते, आणि वडील मला म्हणाले, “जरा धीर धर की. लोकांच्या घरी आलोय आपण.”

लोकांच्या घरी! मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. आपण बंगला पाहायला आलोय, हे वाक्य त्या दिवशी माझ्या ओठांवर इतक्यांदा आलं आणि मी ते इतक्यांदा गिळलं, की मला त्यानेच अपचन झालं असावं. ते बोलायचं तरी कसं? बाई, आम्ही तुमच्यासाठी आलेलो नाही, असं खापर पुसणाऱ्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचं?

मग डाळ आली, शिजली, पाट्यावर वाटली. वाटायला आई बसली. पाहुणी झाली तरी बाईने बाईला मदत करायची, हा नियम कुणी केलाय कोण जाणे. त्या दोघी माहेरच्या गप्पांत रंगल्या होत्या. नांदगावचा बाजार, तिथली मिरची, एसटीचा स्टँड आता कुठे हलवलाय. आईचं माहेर देवळालीकडचं, नांदगावला ती जेमतेम दोनदा गेली असेल, पण ती हो ला हो करत होती. वडील आणि काका कांद्याच्या भावात शिरले होते. कांद्यात शिरलेला माणूस सहसा बाहेर येत नाही. चूल पेटली, खापर तापलं. बाईंनी पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत मोठा केला, पार कोपरापर्यंत आला तेव्हा खापरावर टाकला. पोळी अप्रतिम होती, हे मी रागाच्या भरातही कबूल करते. रुमालासारखी पातळ, तुपात भिजलेली. आग्रह असा की वडिलांनी चौथी पोळी अक्षरशः डोळे मिटून खाल्ली. खाऊन ते तिथेच चटईवर आडवे झाले आणि घोरायला लागले.

मी आईकडे पाहिलं. म्हटलं, “तू तरी बोल काहीतरी.”

“झोपू दे त्यांना,” ती म्हणाली. “गाडीत झोप झाली नाही त्यांची.”

शेवटी एकदाचं काकांनी कुलूप काढलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. बंगल्यात शिरलो. सागवानी जिना, त्याच्या कठड्यावर सरकारने फासलेला करडा ऑइलपेंट. पितळेच्या मुठीसुद्धा रंगवून टाकलेल्या. ज्या दालनात कधी साहेबाचं जेवणाचं टेबल असेल, तिथे प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकात एक घालून ठेवलेल्या आणि भिंतीवर ‘थुंकू नये’. मला तिथे थांबायचंही नव्हतं. आई पुढे होती. चप्पल तिने दाराबाहेरच काढली होती, देवळात काढतात तशी. काकांनी व्हरांड्याचा दरवाजा ढकलला.

व्हरांडा सुंदर होता. लांबरुंद, दगडी खांबांचा, कड्याच्या बाहेर सज्जासारखा आलेला. कठड्याशी कुंड्या ठेवायचे दगडी कट्टे अजून होते. आई त्यातल्या एका कट्ट्यापाशी गेली, त्यावर हात ठेवला आणि खाली पाहिलं.

खाली चिखल होता.

दूरवर, अगदी दूर, पाण्याची एक राखाडी रेघ होती. तिथपासून कड्यापर्यंत नुसता काळा, चमकणारा चिखल. त्यात होड्या कुशीवर पडलेल्या, बगळे चोची मारत हिंडणारे. आणि बरोबर आमच्या खालून एक कुत्रं त्या चिखलातून सावकाश चालत निघालं होतं.

वडील कठड्याशी आले. त्यांनी खाली पाहिलं, मग आईकडे पाहिलं. पंचवीस वर्षांचा विनोद इतका आयता ताटात आल्यावर त्यांना गप्प बसणं शक्यच नव्हतं.

“जहाज नाही,” ते म्हणाले, “पण कुत्रं गेलं बघ पायाखालून.”

आणि मला हसू आलं. दिवसभराच्या वैतागाने आलं म्हणा, पण आलं. काका हसले नाहीत, कारण त्यांना संदर्भ माहीत नव्हता. आईने कट्ट्यावरचा हात काढला नाही.

तेवढ्यात मागून पदराला हात पुसत त्या बाई आल्या. “आता काय पाह्यता?” त्या म्हणाल्या. “आता पानी नाय. पानी काय दिसभर ऱ्हातं का इथं? सकाळी पाह्यला पाह्यजे व्हतं. सकाळी पार या दगडाला लागलं व्हतं. मोठी जहाजं तेवढ्या वक्तालाच आत येत्यात, आन् खोल पानी याच अंगाला हाय, म्हनून कड्याला घासूनच जात्यात. आज नाय का एक गेलं? तुमी चा पेत व्हते तवा. भोंगा नाय ऐकला?”

 खालचं कुत्रं होडीच्या सावलीत जाऊन बसलं.

मला तेव्हा कुणाकुणाचा राग आला ते सांगते. सकाळी पाणी दगडाला लागलं होतं हे माहीत असून डाळ शोधणाऱ्या त्या बाईंचा आला. किल्ल्या कमरेला लावून सायकलवर हिंडणाऱ्या काकांचा आला. वडिलांचा तर आलाच. हा माणूस आयुष्यभर कालव्याच्या आवर्तनावर जगला. पाणी वेळेवर येतं आणि वेळेवर जातं, आपण हजर नसलो तर दुसऱ्याच्या वाफ्यात जातं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आणि तेच म्हणायचे, समुद्र काय, आहे तिथेच आहे! बंगला पळून गेला नव्हता हे खरं, पण बंगला पाहायला आलं होतं कोण?

“ऐकला,” आई म्हणाली.

आम्ही तिच्याकडे पाहिलं.

“भोंगा ऐकला मी. कप वाजला बशीत.” तिने उजव्या हाताचा पंजा पालथा धरून दाखवला. “हात ठेवला मी वरून, तरी वाजत होता.”

बाईंना त्यात काही विशेष वाटलं नाही. “वाजनारच,” त्या म्हणाल्या. “आमची भांडी रोज वाजत्यात.”

निघताना त्यांनी उरलेल्या पोळ्या बांधून दिल्या, आईच्या गळ्यात पडून रडल्या आणि पुन्हा यायचं वचन घेतलं. त्यांचा गुलाब केसांत पार कोमेजला होता. पनवेल मागे पडलं. मग माझ्याने राहवेना.

“सकाळीच कळलं होतं तुला,” मी आईला म्हटलं. “मग तेव्हाच का नाही बोललीस? किल्ल्या नव्हत्या तर नव्हत्या, मी काकांच्या मागे पळत गेले असते. तटावर चढवलं असतं तुला!”

“तुम्ही दोघं म्हणालात ना, कंपनीचा भोंगा आहे म्हणून.”

“अगं, पण तू सांगायचंस की जहाजाचा आहे!”

आई खिडकीबाहेर बघत होती. “सांगितलं असतं तर हसला असतात तुम्ही,” ती म्हणाली.

पुढे बसलेल्या वडिलांनी मान वळवली नाही. बऱ्याच वेळाने, कसाऱ्याच्या वळणावर, ते जीपच्या काचेशी बोलल्यासारखे म्हणाले, “पाणी येऊन गेलं म्हणायचं. आपला नंबर हुकला.” आमच्याकडे नंबर हुकणं ही फार मोठी नामुष्की असते. 

त्यानंतर मी तिला अनेकदा म्हटलं की पुन्हा जाऊ, या वेळी वेळ विचारून जाऊ, कुणाच्याही घरी न जाता जाऊ. ती म्हणायची, “कशाला?” तिच्या या ‘कशाला’ने मला जेवढा ताप दिलाय तेवढा कुणीच दिला नसेल. पुढे काही वर्षांनी बंगल्याची डागडुजी काढली आणि व्हरांड्यावर पत्रे ठोकले, असं मळ्याशेजारच्या काकूंकडून कळलं. मी चरफडले. आई गुलाबाच्या जुड्या बांधत होती, ती बांधत राहिली.

जहाज मात्र आमच्या घरातून लगेच गेलं नाही. तोंडात बसलेली म्हण अशी जात नाही. एकदा दिवाळीत सगळं खटलं जमलेलं असताना धाकट्या काकांनी कसलीशी बढाई मारली, आणि चुलतभाऊ सवयीने म्हणाला, “झालं, गेलं पायाखालून जहाज.” सगळे हसले. वडील एकदम ताटावरून ओरडले, “हसता काय? जातं ते! आम्ही जाऊन पाहून आलोय!”

 आतून, तव्यापासून, आईचा आवाज आला.

“तुम्ही काही पाहिलं नाही. मी ऐकलंय.”